सुबारू डब्ल्यूआरएक्स किती खाली घ्यावी?

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हिवाळी टायर चढवण्यासाठी मी गाडी जॅकवर घेतली. मागचे डावे चाक उतरवून गॅरेजच्या भिंतीला टेकवताना टायरच्या आतल्या कडेवरून सहज तळहात फिरवला, तेव्हा बोटांना रबराऐवजी तार लागली. बाहेरून पाहिले तर त्या टायरच्या खाचा निम्म्यासुद्धा झिजलेल्या नव्हत्या. गाडी 2016 ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, म्हणजे जपानी सुबारू कंपनीची वेगवान सेडान, पाच महिन्यांपूर्वीच घेतलेली. आधीच्या मालकाने मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसेच ठेवून तिला फक्त आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या, आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेतल्याची एकही पावती कागदपत्रांत नव्हती. जमिनीला लगटून उभा राहण्याचा तिचा डौल मला घेतानाच आवडला होता आणि आजही आवडतो. म्हणूनच तो डौल राखून गाडी नीट कशी चालेल, हे समजून घेण्यात मी तो सारा हिवाळा घालवला.

ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणाऱ्या, गाडीत एक टायर गेला की प्रश्न एका टायरचा राहत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या डब्ल्यूआरएक्समध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद निम्मी-निम्मी वाटणारे सेंटर डिफरेन्शियल (गिअरांचा संच) असते आणि त्याला व्हिस्कस कपलिंग, म्हणजे दोन्हीकडच्या गतीतला फरक घट्ट द्रवाने रोखणारा भाग, जोडलेले असते. एका चाकाचा परीघ इतरांपेक्षा कमी असला, तर गाडी सरळ रस्त्यावर धावत असतानाही पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत राहतो आणि ते कपलिंग विनाकारण, सतत तापते. म्हणून चार टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे 6 मिमीपेक्षा, जास्त फरक नसावा असे सुबारूवाले सांगतात. तीन टायर चांगले असूनही मला चार नवे घ्यावे लागले. आखूड स्प्रिंगांमध्ये वाचवलेले पैसे असे एका फटक्यात वसूल झाले.

गाडी खाली घेतली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ही भीती मला अनेकांच्या बोलण्यात आढळली, पण ती खरी नाही. गिअरबॉक्स आणि मागचे डिफरेन्शियल दोन्ही गाडीच्या अंगालाच बसवलेले असतात आणि दोन्ही बरोबरीने खाली येतात, त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या शाफ्टला काहीही कळत नाही. कोन बदलतो तो डिफरेन्शियलपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या चार हाफ-शाफ्टचा, आणि वीस-पंचवीस मिमीपर्यंत त्यांचे सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात असतानाही फिरणारे सांधे, हा बदल सहज पेलतात. खरा प्रश्न त्यांच्याही आधी, स्प्रिंग दबण्यासाठी उरलेल्या जागेत उभा राहतो.

समजा, मूळ उंचीवर चाकाला वर जाण्यासाठी, म्हणजे बंप स्टॉपला (धाव संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत, 70 मिमी जागा आहे. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवून गाडी 25 मिमी खाली घेतली की ती जागा 45 मिमी उरते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळते तेव्हा येणारा धक्का तेवढाच असतो, पण तो आता कमी अंतरात जिरवायचा असतो. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढाच धक्का 45 मिमीत अडवायचा, तर स्प्रिंग जवळपास 2.4 पट कडक हवी. गाडी 15 मिमीच खाली घेतली, तर हेच गुणोत्तर 1.6 वर येते. बाजारातल्या आखूड स्प्रिंगा मूळ स्प्रिंगपेक्षा जेमतेम थोड्या कडक असतात, त्यामुळे उरलेले काम बंप स्टॉपचा रबर करतो. माझ्या गाडीत नेमके हेच चालले होते. मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मार्च महिन्यात बर्फ वितळून पुन्हा गोठू लागला की रस्ते आतून फुटतात; त्या दिवसांत आय-94 महामार्गावरून जाताना मागून येणारा 'ठक्' असा कोरडा आवाज मी आधी टायरचा समजत होतो. मागचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून पाहिला तेव्हा त्याच्या दांड्याभोवती तेल ओघळलेले होते आणि बंप स्टॉपची खालची कड चुरगळून भुगा झाली होती.

जागेइतकाच महत्त्वाचा मुद्दा भूमितीचा आहे. डब्ल्यूआरएक्सला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब. त्यांचा खालचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारी दांडी, मूळ उंचीवर आतून बाहेर किंचित उतरता असतो. गाडी खाली घेतली की तो आडवा होतो, आणि आणखी खाली घेतली की त्याचे बाहेरचे टोक वर चढते. तसे झाले की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती वळणावर कलते, तो रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो आणि दोहोंमधले अंतर वाढते. परिणाम असा, की दिसायला बुटकी झालेली गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू पाहते आणि मग तिला आणखी कडक स्प्रिंगा द्याव्या लागतात. आर्मच्या बाहेरच्या टोकाला लांब पिनचे बॉल जॉइंट आणि त्यांच्या जोडीला स्टिअरिंगच्या दांड्यांची बदललेली टोके (टाय रॉड एंड) बसवून हे दुरुस्त करता येते. ऑस्ट्रेलियाची व्हाइटलाइन कंपनी सुबारूसाठी असे संच बनवते. पण तेवढी दुरुस्ती लागू नये इतपतच खाली यावे, असे माझे ठाम मत झाले. माझ्या गाडीत 20 मिमी उतरल्यावर आर्म जवळपास आडवा राहतो, आणि म्हणूनच मी तिथे थांबलो.

उंची ठरल्यावर वस्तूची निवड सोपी होईल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. पहिला मार्ग आखूड स्प्रिंगांना जुळणारे, कमी लांबीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याचा. कारखान्याने जोडी जुळवून दिलेली असेल तर रोजच्या गाडीसाठी मी आजही हाच मार्ग आधी सुचवीन. दुसरा मार्ग कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या एकत्र संचाचा. त्यातही दोन जाती आहेत आणि त्यांच्यातला फरक विक्रेते फारसा सांगत नाहीत. एका जातीत उंची कमी करायची म्हणजे स्प्रिंगखालची रिंग खाली फिरवायची. त्यात दांडा आत जातो आणि दबण्याची जागा पुन्हा कमी होते. दुसऱ्या जातीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे अख्खे नळकांडे खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरवून लांबी बदलता येते, त्यामुळे उंची बदलली तरी दांड्याची धाव तीच राहते. वरचे सगळे गणित पाहता मला दुसरीच जात हवी होती.

केडब्ल्यूचा व्हेरियंट 3 आणि ओलिन्सचा रोड अँड ट्रॅक हे दोन्ही कॉइलओव्हर संच मी गांभीर्याने पाहिले. शेवटी मी फॉर्च्युन ऑटोचा 500 मालिकेतला संच घेतला. त्याचे मुख्य कारण दुरुस्ती. ही कंपनी व्हर्जिनियातली आहे. सील गेले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिकडे पाठवून पुन्हा बांधून घेता येतो, आणि मागणी नोंदवतानाच स्प्रिंग किती कडक हवी ते सांगता येते. ही दुसरी सोय मला फार मोलाची वाटली, कारण पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांवर छापलेले आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळपास चाकाइतकीच हलते. मागे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मची रचना, असल्याने स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला टेकते आणि चाकापेक्षा कमी हलते. हे प्रमाण 0.75 मानले, तर चाकाला जाणवणारा कडकपणा त्याच्या वर्गाने, म्हणजे 0.56 पट होतो. त्यामुळे दोन्हीकडे 6 किलो प्रति मिमीच्या स्प्रिंगा मागितल्या, तरी मागचे चाक प्रत्यक्षात पुढच्यापेक्षा बरेच मऊ राहते, आणि मला तेच हवे होते. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, तो मागे बसतो. लांबच्या प्रवासात त्याला झोप लागते की नाही, याकडे लक्ष द्या असे पत्नीने पहिल्या दिवशीच सांगितले होते, आणि डॅम्पिंगच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बर झोके किती आवरतो ते ठरवणाऱ्या) खुंट्या किती क्लिक फिरवायच्या हे मी बहुतांशी त्यावरूनच ठरवले.

बसवण्याचे काम जवळच्या एका वर्कशॉपला दिले. गाडी घरी आणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजले, तर मागची बाजू ठरल्यापेक्षा 6 मिमी उंच होती. (जमिनीपासून मोजू नये, टायरची झीज आणि हवा त्या मापात मिसळते.) कारण शोधायला वेळ लागला. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असतानाच त्यांनी मागच्या चाकांना गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या लिंकांचे आणि ट्रेलिंग आर्मचे बोल्ट पक्के आवळले होते. या सांध्यांतल्या बुशांचा रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो. आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच तो रबर पिळला जातो, कायम पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मी चारही चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवले, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर येऊ दिले आणि आत सरकून एकेक बोल्ट सैल केला. तिसऱ्या बोल्टला 'कट्ट' असा आवाज झाला आणि मागची बाजू माझ्या डोळ्यांसमोर बोटभर रुंदीच्या निम्म्याने खाली बसली. मग त्याच स्थितीत टॉर्क रेंचने सगळे बोल्ट पुन्हा आवळले. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीची सरकारी तपासणी नसते. जर्मनीत असा बदल सामान्यतः अधिकृत परीक्षकाला दाखवावा लागतो. इथे तो परीक्षक आपणच व्हायचे असते.

पाचशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसू दिल्या आणि मगच अलाइनमेंट केले. पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल, स्ट्रटच्या वरच्या विकेंद्री बोल्टने बदलता येतो. तो उणे दीड अंशावर ठेवला. मागचा कॅम्बर कारखान्याच्या भागांनी बदलता येत नाही, फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाकाचे आत किंवा बाहेर वळलेले असणे, बदलता येतो, आणि आतली कड खाऊन टाकणारा मुख्य गुन्हेगार टोच असतो. उन्हाळ्यात खाली आणि हिवाळ्यात वर अशी उंची बदलत राहण्याचा मोह मी टाळला, कारण प्रत्येक वेळी हे सगळे पुन्हा करावे लागते. या नोव्हेंबरमध्ये उन्हाळी टायर उतरवल्यावर मागच्या डाव्या टायरच्या खाचा मोजल्या: आत 6.1 मिमी, मध्ये 6.3, बाहेर 6.2.

गाडीच्या पोटाखालच्या मूळ 135 मिमीपैकी आता सुमारे 115 मिमी उंची उरली आहे. रात्री बर्फ हटवणारा ट्रक घरासमोरून गेला की वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध राहतो आणि तो फावड्याने काढल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. रस्त्यावरचे मीठ कॉइलओव्हरच्या आट्यांमध्ये जाऊन त्या जाम करते, म्हणून पहिल्या बर्फाआधी त्या तारेच्या ब्रशने साफ करून, ग्रीस भरून, जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळल्या आहेत. एप्रिलमध्ये पट्ट्या सोडून आटे धुवायचे आणि रिंगा हाताने फिरतात का ते पाहायचे आहे.