साडेतीन, पावणेदोन आणि पाऊण: मराठी ग्रामरची तिसरी प्रगतीनोंद

मागच्या दोन नोंदींत मायक्रोफोन आणि आवाजाची पातळी यांवर बराच वेळ गेला. या वेळी केवळ ग्रामरबद्दल लिहितो आहे, कारण गेल्या काही आठवड्यांत यंत्राच्या ओळखण्यात जी सुधारणा झाली ती जवळजवळ पूर्णपणे तिथूनच आली. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: इंटरनेटशिवाय चालणाऱ्या एका छोट्या संगणकावर पॉकेटस्फिंक्स हा बोललेले शब्द ओळखणारा प्रोग्राम बसवलेला आहे, आणि त्याने मराठीत सांगितलेला गजर आणि टायमर लावावा एवढेच काम आहे. वाणी-ओळखीतले ग्रामर म्हणजे कोणते शब्द कोणत्या क्रमाने येऊ शकतात याची नियमावली होय. नियमावलीत नसलेले वाक्य यंत्र ऐकूच शकत नाही.

नियम मी जेएसजीएफ (जावा स्पीच ग्रामर फॉरमॅट) या लेखनपद्धतीत लिहितो. ही पद्धत १९९८ साली सन मायक्रोसिस्टीम्सच्या जावा स्पीच एपीआयबरोबर आली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा एसआरजीएस हे अशाच नियमांसाठीचे २००४ सालचे प्रमाण अधिक काटेकोर आहे, आणि त्यातले नियम एक्सएमएल व एबीएनएफ अशा दोन्ही लेखनरूपांत लिहिता येतात. परंतु पॉकेटस्फिंक्स जेएसजीएफ थेट वाचतो आणि हाताने लिहायला ती पद्धत आटोपशीर आहे, म्हणून तीच ठेवली.

माझा पहिला वेळेचा नियम फार सरळ होता. साडे, सव्वा किंवा पावणे यांपैकी एक शब्द, त्यानंतर एक ते बारा यांपैकी एक आकडा, आणि शेवटी ‘वाजता’. कागदावर हा नियम नीटनेटका दिसतो, पण त्यातून तयार होणाऱ्या ३६ जोड्यांमध्ये ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ याही येतात, ज्या मराठी माणूस कधीही बोलत नाही. न बोलल्या जाणाऱ्या जोड्या तशाच राहिल्या तर काय बिघडते, असे मला आरंभी वाटले होते. प्रत्यक्षात मात्र घाईने म्हटलेले ‘साडेतीन’ पुष्कळदा ‘साडेदोन’ म्हणून परत येत असे, कारण दोन्ही आकड्यांचा शेवट सारखाच आहे आणि नियमाच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच खुल्या होत्या. त्या दोन जोड्या काढून टाकताच ही चूक नाहीशी झाली. अ‍ॅकॉस्टिक मॉडेलला, म्हणजे आवाजावरून ध्वनी ओळखणाऱ्या भागाला, हात न लावता, केवळ भाषेत नसलेले वाक्य नियमातून वगळून ओळख सुधारते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजले.

तेव्हापासून ग्रामरमधून यादृच्छिक वाक्ये तयार करून ती वाचणे हे माझे मुख्य साधन झाले आहे. पॉकेटस्फिंक्सबरोबर मिळणाऱ्या जेएसजीएफ-टू-एफएसजी या साधनाने नियमांचे मर्यादित-अवस्था जाळे, म्हणजे कोणत्या शब्दानंतर कोणता येऊ शकतो याचा नकाशा, तयार होते, आणि ते ओपनएफएसटी या अशी जाळी हाताळणाऱ्या साधनसंचाला चालणाऱ्या रूपात शब्दतालिकेसह बाहेर काढता येते. मग एफएसटी-कंपाइल, त्यानंतर एफएसटी-रँडजेन, आणि हवी तितकी वाक्ये समोर येतात. एफएसटी-ड्रॉ आणि ग्राफविझ हा आकृत्या काढणारा प्रोग्राम वापरून त्याच जाळ्याचे चित्रही काढता येते. नियम लहान असेपर्यंत ते चित्र फार उपयोगी पडते, मोठ्या नियमांत मात्र रेषांच्या गुंत्यात काहीच दिसत नाही. ही कल्पना जुनीच आहे. एचटीके या वाणी-ओळखीच्या दुसऱ्या साधनसंचामध्ये एचपार्स नियमांचे जाळे बनवतो आणि एचएसजेन त्यातून नमुना वाक्ये देतो. ज्युलियस या वाणी-ओळखीच्या आणखी एका प्रोग्राममध्येही ‘जनरेट’ आणि ‘अ‍ॅक्सेप्ट चेक’ अशी दोन स्वतंत्र साधने आहेत: पहिले वाक्ये तयार करते, दुसरे तुम्ही दिलेले वाक्य नियमात बसते की नाही ते सांगते. मला ही विभागणी इतकी पटली की मी दोन मजकूर-फायली ठेवल्या आहेत. एका फायलीतली प्रत्येक ओळ नियमाने स्वीकारलीच पाहिजे, दुसऱ्या फायलीतली प्रत्येक ओळ नाकारलीच पाहिजे, आणि नियमात कोणताही बदल केला की मायक्रोफोन सुरू करण्याआधी या दोन्ही फायली तपासल्या जातात.

आता मराठीतल्या वेळेबद्दल, कारण या प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे. दीड, अडीच, पाऊण आणि नुसता सव्वा हे शब्द स्वतंत्र ठेवले. ‘पावणेएक’ आणि ‘सव्वाएक’ हेही कानावर पडतात, म्हणून तेही राहू दिले. साडे फक्त तीनपासून बारापर्यंतच लागतो. अर्थ काढताना लक्षात आले की सगळे मिनिटांत मोजले तर घड्याळातली वेळ आणि कालावधी यांना एकच हिशेब पुरतो. पावणेदोन म्हणजे दोनदा साठ वजा पंधरा, म्हणजे १०५. ‘पावणेदोन वाजता’ म्हटले तर बारानंतरची १०५ मिनिटे आणि ‘पावणेदोन तास’ म्हटले तर तेवढाच कालावधी. पाऊण म्हणजे दोन्हीकडे ४५, दीड म्हणजे दोन्हीकडे ९०. अपवाद फक्त घड्याळातल्या बाराचा: साडेबाराचे ७५० येतात, त्यातून ७२० वजा केले की अर्धा तास उरतो आणि उत्तर बरोबर येते. आपल्या बोलीतली ही रचना किती सुसंगत आहे, हे नियम लिहायला बसेपर्यंत मी कधी पाहिले नव्हते.

जेएसजीएफमध्ये महिरपी कंसांत टॅग लिहून हा अर्थ नियमालाच जोडता येतो, पण पॉकेटस्फिंक्स निकालात केवळ शब्द देतो. म्हणून मिळालेले वाक्य माझ्या छोट्या पायथन प्रोग्रामने पुन्हा त्याच नियमांतून नेऊन अर्थ काढावा लागतो. ‘साडेतीन’ हा एक शब्द धरायचा की ‘साडे’ आणि ‘तीन’ असे दोन, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. शेवटी एकच शब्द ठेवला. उच्चारकोशात, म्हणजे प्रत्येक शब्दाचे ध्वनी सांगणाऱ्या यादीत, दहा नोंदी वाढल्या, पण अशक्य जोडी चुकून तयार होण्याची वाटच बंद झाली.

उच्चारकोशाचे काम ग्रामरइतकेच कष्टाचे निघाले. मी हिंदीवर तयार झालेले मोफत अ‍ॅकॉस्टिक मॉडेल वापरतो आहे, आणि ‘चार मिनिटांचा’ या दोनच शब्दांत मराठीतले दोन वेगळे च येतात: ‘चार’मधला तालव्य आणि ‘चा’ या प्रत्ययातला दंततालव्य. दुसऱ्यासाठी त आणि स असे दोन ध्वनी जोडून पर्यायी उच्चार दिला, मूळ उच्चारही ठेवला, आणि ज्या शब्दांत हा प्रत्यय आहे तिथे लगेच फरक जाणवला.

याहून अधिक वेळ घेतला तो ‘चौऱ्याऐंशी’ या शब्दाने. शब्द कोशात डोळ्यांना दिसत होता, तरी तो कोशात नाही अशी तक्रार प्रोग्राम करत होता. कारण असे निघाले की ग्रामरमध्ये ऱ हे अक्षर आणि हलन्त वापरलेले होते, तर कोशात साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे पडद्यावर न दिसणारे एक चिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब एकसारखी दिसतात. युनिकोड या अक्षरसंकेताचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, ही दोन रूपे एक करत नाही, त्यामुळे तो बदल स्वतःच्या प्रोग्राममध्ये वेगळा लिहावा लागतो. चौऱ्याहत्तर आणि चौऱ्याण्णव यांनाही हेच लागू आहे. ज्यांच्या ग्रामरमध्ये शंभरपर्यंतचे आकडे आहेत त्यांनी आधी हे तपासावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

ऐच्छिक शब्दांबाबत मी आता बराच कंजूष झालो आहे. ‘जरा’, ‘ना’, ‘मला’ असे शब्द चौकोनी कंसांत टाकणे सोपे असते, परंतु असा प्रत्येक शब्द वाक्यांची संख्या दुप्पट करतो आणि पाच शब्दांत ती ३२ पट होते. मराठीत शब्दक्रम मोकळा असल्याने ‘दहा मिनिटांचा टायमर लाव’ आणि ‘टायमर लाव दहा मिनिटांचा’ हे दोन्ही क्रम मात्र ठेवावेच लागले, कारण आमच्याकडे दोन्ही बोलले जातात.

सर्वांत अपुरा राहिलेला भाग नाकारण्याचा आहे. ग्रामर चालू असताना यंत्राला काहीही ऐकू आले तरी ते नियमांतले जवळचे वाक्य शोधते, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या गप्पांनीही टायमर लागत असे. एसआरजीएसमध्ये यासाठी ‘गार्बेज’ नावाचा खास नियम आहे, पण जेएसजीएफमध्ये तसे काही नाही. सध्या मी आधी कीवर्ड-शोध, म्हणजे केवळ एका ठरलेल्या शब्दाची वाट पाहणे, चालू ठेवतो आणि हाकेचा शब्द ऐकू आल्यावरच ग्रामर सुरू करतो. हाकेचा शब्द तीन-चार अक्षरांचा निवडल्याने आणि तो ऐकू आला असे मानण्याची मर्यादा तासभराच्या साध्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणावर जुळवल्याने चुकीच्या हाका पुष्कळ कमी झाल्या. व्होस्क हे वाणी-ओळखीचे दुसरे साधनही तपासून पाहिले. त्याला वाक्यांची यादी देता येते आणि अनोळखी शब्दांसाठी वेगळी खूण ठेवता येते, पण त्या यादीतून ते एक लहान सांख्यिकीय भाषा-मॉडेल (कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब) बनवते, त्यामुळे शब्दक्रमाचे बंधन सैल राहते. माझ्या कामाला ते बंधन घट्टच हवे आहे.

पुढच्या नोंदीपर्यंत पर्यायांना वजने देण्याचा विचार आहे. जेएसजीएफमध्ये दोन तिरप्या रेषांमध्ये आकडा लिहून एखादा पर्याय अधिक संभाव्य ठरवता येतो. ती वजने अंदाजाने न देता महिनाभर प्रत्यक्ष दिलेल्या आज्ञा मोजून ठरवायची आहेत, आणि ती मोजणी करणारी नोंदवही कालपासून प्रोग्राममध्ये सुरू केली आहे. पहिल्या दिवशी तिच्यात नऊ आज्ञा आल्या, त्यांतल्या पाच ‘पाच मिनिटांचा टायमर लाव’ याच होत्या.