तेवढ्याच जागेत अधिक टॉर्क

फोक्सवॅगनच्या आयडी.३ या विजेवर चालणाऱ्या गाडीतील एपीपी३१० ही मोटर मिनिटाला १६,००० फेऱ्यांपर्यंत फिरू शकते. चाकांना मात्र कमी वेग आणि जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, म्हणून दोन टप्प्यांत वेग उतरवणारा एकाच गतीचा गिअरबॉक्स तिला जोडलेला असतो. मला विशेष कौतुक वाटते ते तिच्यानंतर आलेल्या एपीपी५५० चे. तेवढ्याच जागेत स्टेटरमधील, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातील, तारेचे वेढे वाढवून, तार जाड करून आणि रोटरला, म्हणजे फिरत्या भागाला, अधिक शक्तिशाली चुंबक देऊन अभियंत्यांनी टॉर्क ३१० वरून सुमारे ५५० न्यूटन-मीटरवर नेला. साहजिकच गिअरबॉक्सही मजबूत करावा लागला. मोटर आणि गिअरबॉक्स थंड ठेवणारे तेल खेळवण्यासाठी विजेवर चालणारा वेगळा पंप न ठेवता ते काम फिरत्या गिअरवरच सोपवले आहे, आणि ही काटकसर मला सर्वांत सुंदर वाटते.