फियाट ११००डी: मागचे ब्रेक झाले, मास्टर सिलिंडर टेबलावर

सध्याची स्थिती अशी. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक दाबणारे) होन करून म्हणजे आतून घासून, रबरं बदलून बसवलेत. मागचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे डबे) गंज काढून लेथवर जाऊन आलेत. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा, सुटा करून टेबलावर आहे. पुढची चाकं अजून उघडायची आहेत.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेल्या ११००डीला आणि तिच्याच पोटी आलेल्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेकचं सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल थेट तळाला जातं, मग बाकीचे तीन कितीही ठणठणीत असोत. त्यामुळे गळतंय तेवढंच चाक उघडायचं हे धोरण या गाडीला परवडत नाही. दुसरी गोष्ट, रबर किट स्वस्त असतं म्हणून सगळे आधी तेच बदलतात. खरा निकाल बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला पोकळ भाग, देतो. खड्डे पडलेल्या बोअरमध्ये घातलेलं नवं रबर पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकलं तरी खूप.

जाम पिस्टन काढायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे पाइप सोडायच्या आधी. शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) उतरवा, दुसऱ्या बाजूचा पिस्टन सी-क्लॅम्पने धरून ठेवा आणि पेडल हळूहळू दाबा. ऑइलच्या दाबाने बहुतेक पिस्टन सुटतात. सिलिंडर आधीच सुटा झाला असेल तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पिस्टन गोळीसारखा उडतो. पाइपच्या भोकाच्या आट्यांना बसेल असा अडॅप्टर मिळाला तर ग्रीस गन लावा. ग्रीस दबत नाही, त्यामुळे पिस्टन सावकाश बाहेर येतो. नंतर मात्र ग्रीसचा कण न कण धुऊन काढायचा. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. याच कारणाने रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यांचा हात रबराला लागू द्यायचा नाही. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जोडताना वंगण म्हणून ताजं ब्रेक ऑइल, एवढंच.

पाइपचा नट साध्या पान्याने फिरवला की कोपरे गोल झालेच म्हणून समजा. फ्लेअर नटचा पाना घ्या, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि नट थोडा घट्ट, थोडा सैल असा दोन्हीकडे हलवत सोडा. नटाबरोबर पाइप पिळायला लागला तर लगेच थांबा. पाइप नटात धरलाय, आणखी जोर केला तर तुटेल. तिथे उष्णता द्यावी लागते, अर्थात रबर आणि ऑइल काढून घेतल्यावरच.

आता बोअर. तीन दगडांचा होन, २४० ते ३२० ग्रिट, ड्रिल कमी वेगावर, ब्रेक ऑइल भरपूर. होन फिरत असतानाच आतबाहेर करायचा, एका जागी थांबला की तिथे खोलगट होतो. हेतू चमक आणण्याचा, माप वाढवण्याचा नाही. थोडं फिरवून, पुसून, टॉर्चच्या उजेडात बघा. काळा डाग राहिला पण नखाला लागत नसेल तर चालेल. नख अडकत असेल आणि जागा कपच्या (पिस्टनसमोरच्या वाटीसारख्या रबराच्या) ओठाच्या फिरण्यात येत असेल तर होन करत बसू नका. मग कोरडा पिस्टन आत ठेवून बाजूने अरुंद फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. ०.१५ मिमीची पट्टी शिरली तर तो सिलिंडर बाद. फट मोठी झाली की दाबाखाली रबर त्या फटीत ओढलं जाऊन कुरतडतं. पर्याय दोन: नवा सिलिंडर किंवा पितळी स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये बसवायची नळी. स्लीव्ह घातली तर ऑइलचं भोक नव्याने पाडून आतली धार घासून घ्यायला सांगा. लेथवाले ते हमखास विसरतात आणि ती धार पहिल्याच दाबाला कप कापते.

किट आणायला पुण्यात नाना पेठेत जा नाहीतर कुर्ल्यात, आधी कॅलिपरने बोअर मोजून जा. 'फियाटचंच आहे' या शब्दावर घेऊ नका. कपवर उठवलेलं माप वाचा. कप बोटांत दाबून सोडा, ओठ लगेच मूळ आकारात यायला हवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल पाकिटात नवा दिसतो आणि हातात कडक लागतो.

ड्रमचा गंज इलेक्ट्रोलिसिसने काढला. वीस लिटर पाण्यात साधारण २५० ग्रॅम धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा जुन्या धाटणीचा चार्जर, ड्रमला निगेटिव्ह, पॉझिटिव्हला लोखंडी सळई. आधुनिक स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर सुरूच होत नाही. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठही नको, क्लोरिन सुटतो. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर, आणि चिमटे हलवायच्या आधी चार्जर बंद. अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग या बादलीत नाही. शूच्या स्प्रिंगही नाहीत: कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं. स्प्रिंग तारेच्या ब्रशने साफ करायच्या आणि उजेडासमोर धरायच्या. वेटोळ्यांमधून उजेड दिसला तर ती ताणलेली आहे, बदला. बाहेर काढलेला ड्रम पावसाळी हवेत बघता बघता पुन्हा तांबूस होतो, तेव्हा गरम पाण्याने धुऊन लगेच हीट गनने वाळवा.

शूवरचं जुनं लायनर (ड्रमला घासणारा थर) अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजांमध्ये सर्रास उलटं चालतं, ते बघून शिकू नये.

लेथवर एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणले, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मूळ व्यासापेक्षा एक मिमीहून जास्त कापायला मी तयार नाही. कापल्यावर ड्रमची गोलाई मोठी होते आणि नवं लायनर फक्त मध्यावर टेकतं. ड्रमला आतून खडू फासा, शू दाबून थोडा फिरवा, खडू लागलेली जागा घासा, पुन्हा तेच. टेकणं दोन्ही टोकांकडे पसरेपर्यंत हे करत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण पेडल स्पंजासारखं लागण्याची अर्धी कारणं इथेच संपतात. उरलेली हवेची. लायनरच्या टोकांना तिरका उतार दिला की किंचाळणं कमी होतं. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे मारायचे, नाहीतर लायनर मध्ये फुगतं.

मास्टर सिलिंडरमध्ये सगळा जीव आहे तो एका बारीक छिद्रात. पेडल सोडलेलं असताना प्राथमिक कपच्या किंचित पुढे असणारं हे छिद्र गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जाऊ देतं. ते बुजलं, किंवा पुशरॉड लांब झाल्याने कप त्याच्यावर बसून राहिला, तर चालता चालता ब्रेक आपोआप धरतात. छिद्र तांब्याच्या वायरच्या एका तारेने साफ करायचं. पोलादी तार घातली की धार उठते आणि नवा कप चिरतो. जोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण एक मिमी मोकळीक ठेवायची.

ब्रेक धरून राहिले तर दोष शोधायची रीत: त्या चाकाचं निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित सोडा. चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय. मग निपल बंद करून, पेडल दाबून सोडा आणि मास्टरजवळचा नट सैल करा. तिथे सुटलं तर मास्टर, नाही सुटलं तर होज, म्हणजे चाकाकडे जाणारी रबरी नळी. जुना होज बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून एकेरी व्हॉल्व्हसारखा वागतो. निपल सोडूनही चाक अडकलेलंच असेल तर स्प्रिंग, अ‍ॅडजस्टर किंवा जाम पिस्टन बघा.

ऑइल डॉट ३, सीलबंद बाटलीतलं. ते हवेतला ओलावा ओढतं: कोरड्या अवस्थेत किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, ओलावा शिरल्यावर १४०. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याआधी शू ड्रमला जवळ आणून घ्यायचे, नाहीतर हवा गेली तरी पेडल लांबच लागतं.

पुढच्या चाकांना नवे होज लागणारच आहेत, म्हणून सध्या मागच्या लाइनची तोंडं रबरी टोप्यांनी बंद ठेवली आहेत.