खाटेवरून खाली सोडलेला पाय

इचलकरंजीत तीस वर्षे यंत्रमागावर उभ्याने काम केलेले एक गृहस्थ उजव्या पायाची चार महिने न भरलेली जखम दाखवायला आले. घोट्याच्या आतल्या बाजूला उथळ, ओली जखम, भोवतीची कातडी तपकिरी पडून जाड झालेली आणि पोटरीवर दोरीसारख्या फुगलेल्या नीला (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या), हे चित्र नीलांच्या विकाराचे होते. रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, चोंदल्याची जखम बहुधा बोटांच्या टोकांना किंवा टाचेला होते. पावलावरची नाडी मला लागली नाही. त्याचा दोष मी सुजेवर टाकला आणि परिचारिकेला घट्ट पट्टी बांधायला सांगितले. ती माझी चूक होती.

पट्टी उघडली जात असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्ये रातभर पाय खाटंवरनं खाली सोडून बसत्यात. वर घेतला की कळा येत्यात." मी परिचारिकेला तिथेच थांबवले. नीलांच्या विकारात पाय उंच ठेवला की साचलेले रक्त परतते आणि आराम पडतो. रोहिणी अरुंद झाली असेल, तर उलट पाय खाली सोडल्यावरच रक्त कसेबसे बोटांपर्यंत पोहोचते. मग विचारल्यावर कळले की थोडे चालताच पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, आणि दिवसाला दोन बंडल विड्या लागतात. उभ्या कामाने नीला बिघडल्या होत्या. त्यांच्याआड विडीने बिघडवलेली रोहिणी मला दिसली नव्हती.

पाय उचलून धरला, तर मिनिटभरात तळवा पांढरा पडला. खाली सोडल्यावर हळूहळू जांभळट लाल झाला. रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे डॉपलर यंत्र लावून मोजलेला दंडाचा दाब 150 भरला, घोट्याचा 66, म्हणजे गुणोत्तर 0.44. ते 0.9 च्या खाली असले की रोहिणीविकार धरतात, आणि 0.5 च्या खाली घट्ट पट्टी बांधत नाहीत, कारण तिच्या दाबाने उरलासुरला रक्तपुरवठाही तुटून पाऊल काळे पडू शकते.

सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी तपासणीत, मांडीतली रोहिणी बंद निघाली. बायपास शस्त्रक्रियेने रक्त खाली पोहोचू लागले, गुणोत्तर 0.9 वर आले, आणि मगच, तेही आधी हलक्या दाबाने, आम्ही पट्टी सुरू केली. टाके काढायला आले त्या दिवशी त्यांच्या पत्नींनी मी न विचारताच सांगितले, "आता पाय वर घिऊन झोपत्यात."