मेगनचा कायदा आमच्या वाडीत

अमेरिकेत घर बघायला निघालेला माणूस आधी शाळा बघतो, तळघरात पाणी शिरतं का विचारतो, आणि मुलं झोपली की आणखी एक वेबसाइट उघडतो. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची सरकारी यादी. आमच्या न्यू जर्सीत ती राज्य पोलीस चालवतात. आत शिरण्याआधी बजावलेलं असतं की या माहितीच्या जोरावर कुणाला छळलंत तर तो गुन्हा. मग फोटो, वय, उंची, वजन, राहता पत्ता, गाडीचा नंबर आणि काय केलं होतं ते थोडक्यात. ओळखीचा चेहरा दिसत नाही ना, या धास्तीने आपण खाली सरकवत जातो. आम्ही एडिसनला घर घेतलं तेव्हा मीही हे केलंय, आणि नंतर उगाचच शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे बघत बसले.

यंदा चवथीला कोकणात सासरी, आचऱ्याला गेले होते, तेव्हा मोदक वळताना हा विषय निघाला. थोरल्या जाऊबाईंनी हातातली पारी ताटात ठेवली. "मगे आमच्याकडे असा कित्याक नाय?"

त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते सगळ्यांना कळलं. आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी, आणि ट्रॉलरवर आलेले परगावचे खलाशी.

अमेरिकेत हे सुरू झालं ते मात्र शेजाऱ्यामुळे. १९९४ च्या जुलैत हॅमिल्टन टाउनशिपमध्ये मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा बलात्कार करून खून झाला. करणारा समोरच्याच घरात राहायचा. त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती आणि गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. त्याच वर्षी न्यू जर्सीने तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला, १९९६ मध्ये तो देशभर गेला. आता सगळ्या राज्यांच्या याद्या एकत्र शोधता येतील अशी केंद्राची वेबसाइटही आहे.

पण शिक्षा झाली की फोटो लागला, असं ते नसतं. न्यू जर्सीत सरकारी वकिलांचं कार्यालय प्रत्येकाला १३ निकषांवर गुण देतं: जबरदस्ती किती, बळी ओळखीचा की परका, दारू-ड्रग्जचं काय, राहायला-कमवायला ठिकाण आहे का. एकूण १११ गुण. ३६ पर्यंत पहिली श्रेणी, आणि तिची माहिती फक्त पोलिसांकडे. ७३ पर्यंत दुसरी, ती शाळा-पाळणाघरांना कळवतात. त्यावर तिसरी, आणि तिथे पोलीस परिसरात घरोघरी कागद देतात. गुण पटले नाहीत तर त्या माणसाला कोर्टात जाता येतं. घर बदलायचं तर दहा दिवस आधी कळवायचं. एकच गुन्हा असेल आणि पंधरा वर्षं नीट वागला असेल, तर नाव काढण्यासाठी अर्ज करता येतो, अर्थात सगळ्याच गुन्ह्यांना नाही.

पोलिसांनी दिलेला तो कागद पुढे कुणाला द्यायचा नसतो. हे सांगितल्यावर पुतण्या जोरात हसला. आमच्या वाडीच्या ग्रुपवर गुरं रस्त्यावर आल्याचा फोटोसुद्धा दहा मिनिटांत देवगडला पोचतो. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ते नुसत्या अफवेवर. हातात सरकारी यादी असती तर?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडेही अशी नोंदवही सुरू झाली, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. सुरुवातीलाच चार लाखांहून जास्त नोंदी. ती बघता येते फक्त पोलिसांना. जाऊबाईंना हे मुळीच पटलं नाही. "पोलिसांका कळान आमका काय?"

मला मात्र इथे सरकारचं बरोबर वाटतं, आणि त्याचं कारण न्यू जर्सीच्याच नियमांत सापडलं. दुसऱ्या श्रेणीतल्या माणसाचा गुन्हा घरातल्याच मुलाबाबत असेल, तर सहसा त्याचं नाव इंटरनेटवर टाकत नाहीत. बापाचा फोटो लावला की मुलगी कोण ते आपोआप कळतं. आपल्या पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये मुलाचं नाव, शाळा, एवढंच काय राहण्याचा परिसरसुद्धा छापायला मनाई आहे. तीस घरांच्या वाडीत काका, मामा किंवा शिकवणीच्या मास्तरांचं नाव भिंतीवर लावलं, तर पोरीचं नाव वेगळं लिहायला लागतंय कुठे? आणि मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा निघतो तो असाच ओळखीचा. तो यादीत नसतोच, कारण त्याची तक्रारच झालेली नसते.

बरं, एवढं करून उपयोग? न्यू जर्सीच्या तुरुंग विभागाने आणि रटगर्स विद्यापीठाने २००८ मध्ये तपासलं, तर मेगनच्या कायद्याने पुन्हा होणारे लैंगिक गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही. फ्लोरिडात मायामीजवळ शाळांपासून २,५०० फुटांत राहायची बंदी घातली, तेव्हा घर मिळेना म्हणून हे लोक ज्युलिया टटल कॉजवेच्या पुलाखाली तंबू ठोकून राहिले. पोलिसांच्या वहीत पत्ता काय, तर पूल! पहारा ठेवायचा तर असा माणूस घरात असलेला बरा.

जाऊबाई म्हणाल्या, मग आम्ही करायचं काय? मी म्हटलं, खलाशी किंवा राखणदार ठेवताना पोलीस पडताळणी होते, ती करायचीच. तीच शिकवणीच्या मास्तरांचीही मागायची, ते गावातले असले तरी. आणि मुलाने काही सांगितलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांत कळवायचं. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे, घरची अब्रू म्हणून दडपलं तर दडपणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

"मास्तरांका कागद मागूचो?" सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. "ते आमच्या नात्यातले."

"म्हणानच," पुतण्या म्हणाला.