दाणे आलेत काका!

"दाणे आलेत काका, मस्त लाल झालीय जखम," असं सिस्टर म्हणाल्या आणि इतके दिवस ड्रेसिंगच्या वेळी मान फिरवून उभी राहणारी मी पहिल्यांदाच वाकून बघितलं. बाबांना महिन्यापूर्वी नवी कोल्हापुरी चावली होती, आणि शुगरमुळे पायाला काही कळतच नाही त्यामुळे ती बिचारी चार दिवस निवांत चावतच राहिली. एवढे दिवस पांढरट, चिकट दिसणारी जखम त्या दिवशी तळाशी डाळिंबाचे दाणे ठेचून पसरल्यासारखी दिसत होती. मला तर वाटलं चिघळली! सिस्टर म्हणाल्या, अहो ताई, लाल म्हणजे चांगलं, पांढरी पडली की काळजी करायची.

मग घरी येऊन वाचत बसले (माझा जुना रोग). तर ते दाणे म्हणजे नव्या बारीक रक्तवाहिन्यांचे वेटोळे, म्हणजे केशवाहिन्या. केशवाहिनी हा शब्द शाळेत पाठ केला होता पण केसासारखी म्हणणं म्हणजे तिला जाडी म्हटल्यासारखं आहे, कारण आपला केस तिच्या कितीतरी पट जाड असतो, तिच्यातून लाल पेशी एकामागे एक, लाइनीत, अंग चोरून जातात. इंग्लंडच्या डॉक्टर हार्वेसाहेबांनी 1628 मध्ये सांगितलं की रक्त शरीरात गोल फिरतं, पण धमनीतलं रक्त शिरेत नेमकं जातं कुठून हे त्यांना दिसलंच नाही, ते गेल्यावर मग 1661 मध्ये इटलीच्या माल्पिगी नावाच्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात या वाहिन्या दिसल्या. एवढा मोठा शोध आणि त्यातला मधला दुवा बघायचा राहूनच गेला, मला उगाच वाईट वाटलं.

पण मला खरी मजा वाटली ती या वाहिन्या उगवतात कशा याची. आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात पहिल्या वाहिन्या सुट्या पेशी एकत्र येऊन बनतात, ते एक. पण नंतर आयुष्यभर बहुतेक वेळा जुन्या वाहिनीलाच फुटवा फुटतो. आणि याचा नकाशा कुणाकडेच नसतो! जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात, व्हीईजीएफ नावाचं, म्हणजे एक प्रकारे बोंबच मारतात की इकडे काही पोचत नाहीये. (ऑक्सिजन कमी झालाय हे पेशीला कळतं कसं, हे शोधणाऱ्या सेमेन्झा, केलिन आणि रॅटक्लिफ यांना 2019 चं नोबेल मिळालं.) ती बोंब ऐकून जवळच्या वाहिनीच्या भिंतीतली एक पेशी पुढे होते, बारीक बारीक हात बाहेर काढते आणि चाचपडत त्या दिशेला निघते, आणि शेजारणींना सांगते की तुम्ही नका येऊ पुढे, तुम्ही माझ्या मागून या. मागच्या वाढत वाढत येतात, मध्ये पोकळी धरते, समोरून आलेल्या दुसऱ्या फुटव्याला हा जाऊन भिडतो आणि रक्त सुरू. आमच्या गॅलरीतला कारल्याचा वेल डिट्टो असंच करतो, एक तणावा हवेत हात फिरवत बसतो आणि ग्रिल सापडलं की बाकीचा वेल मागे.

आता गंमत म्हणावी की वैताग, बाबांच्या पायाला हे हवंय आणि तिथे ते रडतखडत येतंय, कारण साखर वाढलेली असली की ही हाकच नीट जात नाही, वर पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या. आणि त्याच बाबांच्या डोळ्यात, पडद्यावर, नको असताना नव्या वाहिन्या आल्यात! तिथल्या जुन्या बारीक वाहिन्या साखरेने बंद पडल्या, पडदा उपाशी राहिला, त्याने इतकी बोंब मारली की घाईघाईत कच्च्या, गळक्या वाहिन्या उगवल्या, त्या फुटल्या की डोळ्यात रक्त. म्हणून डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, तेच व्हीईजीएफ गप्प करायला. कॅन्सरची गाठसुद्धा हीच हाक मारून स्वतःसाठी रक्त ओढून आणते, हे बोस्टनचे सर्जन फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं होतं, त्यामुळे यातली काही औषधं कॅन्सरमधूनच डोळ्याकडे आलीत.

बाबांना मी हे सगळं जेवताना सांगितलं. ते भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, मग डोळ्यातलं काढून पायाला लावता येत नाही का? डोळ्याच्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच विचारलं. डॉक्टर हसले, आणि म्हणाले काका शुगर कमी करा, दोन्हीकडचं काम होईल. बाबांना हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

जखम भरली अखेर, अडीच महिन्यांनी. व्रण आधी लालभडक होता, आता फिकट पडत चाललाय. तेही वाचलं मी, भरून झालं की बहुतेक नव्या वाहिन्या शरीर काढून टाकतं, कार्य उरकल्यावर मांडव उतरवावा तसं. कोल्हापुरी मात्र बाबांनी टाकलेली नाही, माळ्यावर ठेवलीय, तेल लावून.