असद पळाला, मग निर्बंध त्याच दिवशी का नाही उठले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हे मी फोनवरच सांगत बसते एकेकाला. बँकेत फॉरेक्स डेस्कवर, म्हणजे परकीय चलनाच्या टेबलावर, नोकरी झाली त्यामुळे नागपुरात कोणाला बाहेर माल पाठवायचा असला की माझा नंबर फिरतो. आणि ८ डिसेंबर २०२४ ला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद राजधानी दमास्कस सोडून मॉस्कोला गेला तेव्हापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, गांधीबागेतल्या दवाबाजारवाल्यांचाही आणि आमच्या यूपीएससीवाल्या पोट्ट्याचाही: ज्याच्यापायी अमेरिका-युरोपनं सीरियावर निर्बंध लावले तो माणूसच गेला ना, मग आता काहून अडलंय?

शेती असलेल्यांना मी सातबाऱ्याचं सांगते. कर्ज फेडलं, बँकेनं नील पत्र दिलं, तरी तलाठ्याकडे फेरफार होऊन बोजा उतरत नाही तोवर उतारा कोरा होत नाही. आणि इथं बोजे किती, तर १९७९ पासून सीरिया अमेरिकेच्या दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीत, मग २००४ चे निर्बंध, मग २०११ मध्ये असदनं लोकांवर गोळ्या चालवल्यावर तेल, सेंट्रल बँक, मंत्री, नातेवाईक, सगळ्यांवर, त्याच्यावर अमेरिकेचाच सीझर कायदा (सीरियाशी व्यवहार करणाऱ्या बाहेरच्यांनाही पकडणारा), युरोपियन युनियनचं वेगळं, ब्रिटनचं वेगळं. प्रत्येकाचा तलाठी निराळा राजेहो!

त्यात जिंकलं कोण? हयात तहरीर अल-शाम, म्हणजे जी संघटना स्वतःच यूएनच्या अल-कायदावाल्या यादीत होती. तिचा म्होरक्या अहमद अल-शरा, त्याच्या डोक्यावर अमेरिकेचं १ कोटी डॉलरचं बक्षीस होतं. ते असद गेल्यावर दोनेक आठवड्यांतच मागे घेतलं, पण सुरक्षा परिषदेच्या यादीतून त्याचं नाव निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, तोवर तो राष्ट्राध्यक्ष होऊन न्यूयॉर्कला यूएनमध्ये भाषणही करून आला होता.

म्हणून माझं मत असं की खुर्चीवरून कोण उतरलं यापेक्षा कोण बसलं त्यावर निर्बंध किती लवकर उठतील ते ठरतं. सर्बियात ऑक्टोबर २००० मध्ये तिथला सत्ताधीश मिलोसेविच निवडणूक हरून गेला, युरोपनं काही दिवसांतच तेलबंदी उठवली. इराकमध्ये ९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं आणि २२ मेला यूएनच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १४८३ आला, व्यापारावरचे निर्बंध संपले, कारण तिथं खुर्चीवर अमेरिकाच होती ना, स्वतःवर कोण निर्बंध ठेवेल. (तरी सद्दामनं कुवेतवर केलेल्या आक्रमणाची भरपाई इराकच्या तेलाच्या पैशातून जात राहिली ती २०२२ पर्यंत, एकूण ५,२४० कोटी डॉलर, सद्दाम गेला पण बिल राहिलं.) आणि काबूलचं उलटं, ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले आणि यादीतलीच माणसं मंत्री होऊन बसली, अमेरिकेत ठेवलेले देशाचे सुमारे ७०० कोटी डॉलर तिथंच गोठले.

सीरियाचं हप्त्याहप्त्यानं झालं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं काही व्यवहारांना मोकळीक देणारं सहा महिन्यांचं लायसन दिलं, फेब्रुवारीत युरोपनं वीज-वाहतुकीवरचे निर्बंध थांबवले, १३ मेला ट्रम्प रियाधमध्ये म्हणाले की सगळे निर्बंध काढतो, त्या दिवशी मला किती फोन आले विचारू नका. पण नुसतं म्हटल्यानं काय होतं, २३ मेला ट्रेझरीचं, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याचं, लायसन आणि सीझर कायद्यातून १८० दिवसांची सूट, ३० जूनला सगळा निर्बंध कार्यक्रमच बंद करायचा आदेश, त्यातही १९७९ च्या यादीबद्दल नुसतं 'फेरविचार करा' एवढंच. सीझर कायदा तर काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, तो राष्ट्राध्यक्षाच्या सहीनं जात नाही, डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात घालून तो रद्द केला. म्हणजे वर्ष गेलं. आता १८० दिवसांच्या सवलतीवर कोणी पीठमिठाचा धंदा करेल, पॉवर प्लांट कोण बांधेल? मला ही तात्पुरती सूट नेहमी निम्मी फसवणूकच वाटत आली आहे.

पण खरं अडतं ते बँकेत, आणि हे माझ्या टेबलावरचं आहे म्हणून जरा लांबण लावते. औषधं आणि अन्न यांना या निर्बंधांतून सूट होतीच, असद असतानाही. तरी दवाबाजारातला माणूस फाइल घेऊन यायचा आणि रिकाम्या हातानं जायचा. कारण पैसा डॉलरमध्ये, डॉलर न्यूयॉर्कच्या करस्पॉन्डंट बँकेतून (आपल्या बँकेचं डॉलर खातं जिथं असतं ती) फिरून येतो, आणि तिथं 'सीरिया' शब्द दिसला की पेमेंट अडकलं, मग कागद मागतात, मग अजून कागद. २०१४ मध्ये बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण, क्युबाचे व्यवहार केले म्हणून अमेरिकेनं जवळपास ९०० कोटी डॉलरचा दंड ठोकला, तो आकडा प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकवायचे. आता सांगा, एका एलसीवर (मालाचे पैसे देण्याची बँकेची हमी) आमचं कमिशन किती आणि त्यापायी मॅनेजरनं केवढी जोखीम घ्यायची? कायदा हो म्हणतो, कम्प्लायन्सवाला, म्हणजे बँकेतला नियम तपासणारा, नाही म्हणतो, आणि त्याचं चुकलं असंही मला म्हणवत नाही.

या भीतीला उठवायला गॅझेट निघत नाही ना. सीरियाच्या सेंट्रल बँकेनं जून २०२५ मध्ये सांगितलं की युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदा स्विफ्टवरून (देशोदेशीच्या बँकांना जोडणारी निरोपांची यंत्रणा) थेट व्यवहार झाला. सीरियाकडे वर्ल्ड बँकेचं थकलेलं फक्त दीड कोटी डॉलरच्या आसपास होतं, तेवढंही स्वतःला जमलं नाही, सौदी आणि कतारनं भरलं.

तर जे मला 'आता करू का माल रवाना' विचारून राहिले त्यांना: व्हॉट्सॲपवर बातमी आली म्हणून गाडी भरू नका. आपल्या बँकेला लेखी विचारा की तुमची करस्पॉन्डंट बँक सीरियाचं पेमेंट घेते का, तोंडी 'हो जाएगा' चालणार नाही. घेणाऱ्याचं आणि त्याच्या बँकेचं नाव आधीच तपासून घ्या, असदच्या जवळच्या लोकांवरचे निर्बंध उठलेले नाहीत. केमिकल किंवा मशिनरी असेल तर एक्स्पोर्ट लायसन लागतं का ते वेगळं बघा. आणि ॲडव्हान्स खात्यात आल्याशिवाय माल हलवू नका, हे तर मी रायपूरच्या पार्टीलाही सांगते.